दोन थापा

माझ्या नव्या गाडीत स्टिअरिंगच्या डाव्या हाताला एक गोल बटण आहे. डांबरी रस्ता संपून वावरांकडची कच्ची पांदण लागली की ते उजवीकडे फिरवायचं. समोर हिरवा दिवा दोन-तीनदा लुकलुकतो आणि स्थिर होतो. मागची दोन चाकं गाडी ओढत होती, आता पुढची दोनही ओढायला लागली, असा त्याचा अर्थ. उतरायचं नाही, चिखलात पाय घालायचा नाही, कोणाला हाक मारायची नाही. गाडी विकणाऱ्या माणसानं मला ते बटण पुन्हा पुन्हा फिरवून दाखवलं आणि म्हणाला, "आता तुम्हाला कोणाचीच गरज नाही, साहेब." मी म्हणालो, बटणाचं कौतुक पुरे, सीटकव्हर आणि ताडपत्री यात धरली आहे का ते सांगा. त्यानं नाही म्हटलं. तासाभरानं दोन्ही धरली.

तरी पांदणीच्या तोंडाशी दिवा स्थिर झाल्यावर मी लगेच क्लच सोडत नाही. क्षणभर थांबतो. बॉनेटवर दोन थापा पडायची वाट पाहतो. सोयाबीन निघायचे दिवस आले की दरवर्षी हे होतं आणि दरवर्षी मला स्वतःचा राग येतो.

हे दिवसच तसे. सोंगणी झालेल्या वावरातून एक कडवट, वाळलेला वास येतो. तो कपड्यांत बसतो, गाडीच्या पत्र्यात बसतो, डब्यातल्या भाकरीलाही लागतो. शिरपूरच्या बाजूनं मळणीचा हडंबा घरघरत असतो. दाणा एकीकडे, कुटार दुसरीकडे. कुटाराची धूळ कॉलरच्या आत शिरते आणि घरी येऊन दोन बादल्या पाणी घेतलं तरी मान खाजतच राहते. दुपारचं ऊन असं की गंजीतल्या शेंगा आपोआप तडकतात. शांत उभं राहिलं तर ऐकू येतं. आणि मग चारच्या सुमारास कधीतरी आभाळाच्या एका कोपऱ्यात जांभळा डाग दिसतो. सगळ्या वावरांतली माणसं एकाच वेळी मान वर करतात.  मग हात भरभर चालायला लागतात.

परतीच्या पावसाचं भांडण सोयाबीनशी नाही, रस्त्याशी आहे. आमची काळी माती कोरडी असली तर तिच्यावर पंगत बसवावी. भिजली की ती माणसाची चप्पल धरून ठेवते आणि माणूस एका पायानं पुढं जातो. टायरला ती अशी चढते की नक्षी भरून चाक गुळगुळीत होतं आणि गाडी लोण्यावर ठेवल्यासारखी बाजूला सरकते. अशा वेळी दोन चाकांच्या गाड्या फाट्यावर उभ्या राहतात आणि त्यांचे मालक चहा पितात. माझी आत जायची. मालेगाव ते जऊळका पट्ट्यात चिखलातून माल काढणारी छोटी गाडी तेव्हा माझीच होती, म्हणून भाडं मी सांगेन ते होतं. मी शब्दावर मोठा झालो. सायकलीला तराजू बांधून घरोघरी मूग-तूर घेत फिरलो, तिथून गाडीपर्यंत आलो, ते तोंडाच्या जोरावर. शिकवायला कोणी नव्हतं. आवाज चढवला की समोरचा एक पायरी खाली येतो, हे मी पहिल्या वर्षातच शिकलो आणि पुढं दुसरं काही शिकायची गरज पडली नाही.

त्या जुन्या गाडीला बटण नव्हतं. गिअरच्या मोठ्या दांड्याशेजारी एक छोटा दांडा होता. तो मागं ओढला की इंजिनाची ताकद पुढच्या बाजूलाही जायची. पण तेवढ्यानं भागत नसे. पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध वाटीएवढी लोखंडी चकती होती आणि तिच्यावर दोन खुणा, एक मोकळ्याची, एक बंदची. खाली उतरून ती चकती हातानं फिरवायची. आत 'खट्' झालं की चाक जोडलं गेलं. आम्ही त्याला खटका म्हणायचो, डावा खटका आणि उजवा खटका. दोन्ही लागले पाहिजेत. एकच लागला आणि दुसरा राहिला तर सगळी ताकद त्या राहिलेल्या बाजूनं रिकामीच फिरून जाते आणि पुढची दोन्ही चाकं शोभेला उरतात. दांडा ओढलेला, दिवा लागलेला, आणि गाडी मात्र दोनच चाकांची. आत बसलेल्याला हे कळायला मार्ग नाही. खाली उतरलेला सांगेल ते खरं.

आत मी बसायचो. उतरायचा पुंजा.

पुंजा माझा लहानपणापासूनचा मित्र आणि गाडीतला अर्ध्याचा भागीदार. गाडी घ्यायची ठरली तेव्हा त्यानं आपली बैलजोडी विकली. अशी जोडी आमच्या गावात दुसरी नव्हती. बाजारात तो बैलांना धरून उभा राहिला आणि सौदा मी केला. असा भाव आणला की आजूबाजूचे व्यापारी वळून पाहायला लागले. पुंजाला वाटलं नाही तेवढं कौतुक. तो बैलांच्या गळ्यातली दोन घुंगरं तेवढी काढून घेऊन परत आला आणि गाडी आल्यावर ती त्यानं छोट्या दांड्याला बांधली. दांडा ओढला की घुंगरं वाजायची. गाडी माझ्या नावावर झाली. कोणाच्या तरी एकाच्या नावावर व्हावीच लागते, आणि कागदपत्रं मला कळायची.

पांदण आली की मी गाडी थांबवायचो. तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरायचा, आधी उजवा खटका, मग समोरून वळसा घालून डावा. दोन्ही लागले की ओल्या तळहातानं बॉनेटवर दोन थापा मारायचा. इंजिनाच्या आवाजात आणि बंद काचेतून बोलणं ऐकू येत नसे, थापा यायच्या. दोन थापा म्हणजे लागले. मग मी दांडा ओढायचो. परत डांबरी रस्त्यावर आलो की हेच उलटं. रस्त्यावर चारी चाकं जोडलेली ठेवली तर वळणाला गाडी स्वतःलाच आवळून धरते, चाकं कण्हतात, आतले दाते खराब होतात. म्हणून मी दांडा पुढं ढकलून गाडी हात-दोन हात मागं घ्यायचो, म्हणजे आतली ओढ सैल होते. तो दोन्ही खटके सोडायचा आणि पुन्हा दोन थापा. सुटले.

दिवसभरात असे दहा-बारा फेरे. संध्याकाळी बॉनेटवर त्याच्या पंज्यांचे ठसे वाळून राखाडी झालेले असायचे, एकावर एक, जसे घराच्या भिंतीवर हळदीचे हात उमटवतात तसे.

"लेका, रंग जाईन ना गाडीचा," मी म्हणायचो.

"मंग तू उतरत जाय. मी बसतो आत. तुह्या थापा तं तशाबी दमदार असतात."

थाप या शब्दावर आमचं असं चालायचं. तो मला थापा मारणारा म्हणायचा, कारण मी शेतकऱ्याला एक सांगायचो आणि व्यापाऱ्याला दुसरं. मी त्याला म्हणायचो, तुझी थाप म्हणजे पत्र्यावरची, माझी पोटापाण्याची. हसायचो. मी कधी उतरलो मात्र नाही.

माझी धाकटी बहीण सिंधू. तिचं वावर नाल्यापलीकडे, आणि तिथं जायला पांदण एकच. तिचा नवरा दरवर्षी दिवाळी झाली की पुण्याकडे बांधकामावर जायचा. सिंधूही जायची, पोरी माझ्याकडे नाहीतर तिच्या सासूकडे राहायच्या. त्या वर्षी सोयाबीन चांगलं आलं. हडंबा वावरातच लावून तिनं माल कट्ट्यांत, छोट्या पोत्यांत, भरला आणि मला निरोप दिला. निरोप नव्हे, स्वतः आली. माझ्या ओट्यावर बसून म्हणाली, "दादा, हे कट्टे घरी आले की यंदा आमी कुठीसा जात नाही. थोरली आठवीत हाये. नाहीतर यंदा पोरीयलेबी संगं न्या लागन. दोघींची शाया आता नाही मोडाची." मी म्हटलं, "उद्या काढतो. पान्याच्या आत काढतो." मी दिलेला शब्द हा माझा एकच माल असा होता, ज्यात मी कधी माप मारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दुसऱ्या एकाचा फेरा आधी केला. त्याचं भाडं ठरलेलं होतं आणि बहिणीचं काम घरचं. तिच्या पांदणीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते आणि जांभळा डाग आभाळभर झाला होता. नाल्याच्या पलीकडे सिंधू आणि तिचा नवरा कट्ट्यांवर ताडपत्री धरून उभे दिसत होते. वाऱ्यानं ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडत होतं. पहिले थेंब काचेवर पडले, मोठे, एक-एक. पुंजा उतरला. उजवा खटका. समोरून वळसा. डाव्या चाकाशी वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. मी हॉर्न वाजवला. काच खाली करून ओरडलो. काय ओरडलो ते त्या वेळी मला महत्त्वाचं वाटलं नाही. मग दोन थापा पडल्या.

मी दांडा ओढला. घुंगरं वाजली. दिवा लागला. उतारावरून गाडी नाल्यात गेली, पाण्यातून पार झाली आणि पलीकडच्या चढाला तिचं नाक वर झालं तिथं थांबली. मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. चिखलाचे लपके मागं उडत होते. मी आणखी दाबलं, गाडी आणखी बसली. चढावरून सिंधूचा नवरा धावत खाली आला आणि हात हलवत ओरडला, "पुढची चाकं फिरूनच नाई राह्यली, भाऊ."

पुढचं लिहायला फार नाही. पाऊस तीन दिवस पडला. गाडी नाल्याच्या तोंडात अशी आडवी रुतली होती की तिच्या बाजूनं बैलगाडीही जाईना. बाकी सगळे रस्ते बंद असते तर मी पावसाला दोष दिला असता. पण सिंधूचा रस्ता माझ्या गाडीनं बंद केला होता. पाचव्या दिवशी ट्रॅक्टरनं गाडी ओढून काढली आणि त्याच मार्गानं कट्टे घरी आले. तिनं अंगणात एक कट्टा मोकळा केला. आंबूस वाफ आली. दाण्यादाण्याला नखाएवढे पांढरे मोड होते. ती खाली बसून हातानं दाणे पसरत राहिली, जसं त्यातलं थोडं तरी चांगलं निघेल. थोरली पोरगी शेजारी उभी होती. तिला मोड मोठे सुंदर वाटले असावेत. तिनं एक दाणा उचलून उजेडात धरला.

त्या संध्याकाळी मी गाडी स्वतः धुतली. डाव्या चाकाच्या चकतीवरचा चिखल पेचकसानं खरडून काढला. खूण बंदवर नव्हती. दोन्हींच्या मध्येच कुठंतरी होती, आणि फटीत सोयाबीनचं एक काडं आडवं अडकलेलं होतं. म्हणजे खटका लागलाच नव्हता. आणि त्यानं थापा मारल्या होत्या. दोन.

दुसऱ्या दिवशी मालेगावच्या स्टँडसमोर, चहाच्या टपरीवर पुंजा दिसला. आजूबाजूला आमच्या ओळखीची दहा-पंधरा माणसं होती. ते बरंच झालं असं मला वाटलं.

"डावा खटका लागला होता का?" मी विचारलं.

"दिगांबर, आयकून घे एकडाव."

"लागला होता का नाही, तेवढं सांग."

"नव्हता लागला. पन तू आयकून तं घे."

"मंग थाप काहून मारली बे?"

तो काही बोलायला गेला. मी बोलू दिलं नाही. माझा आवाज रस्त्यापलीकडे उभ्या एसटीपर्यंत गेला असेल. मी त्याला थापाड्या म्हटलं. एकदा नाही, पुष्कळदा. म्हटलं, माझ्या बहिणीच्या घरादारावर थाप मारली यानं. पुंजा कपातला उरलेला चहा तसाच ठेवून निघून गेला. आमच्याकडे माणसाला नाव पडायला तेवढं पुरतं. आठ दिवसांत तो जऊळक्यापासून शिरपूरपर्यंत थापाड्या पुंजा झाला. मी त्याची भागी तोडली आणि त्याच्याशी बोलणं बंद केलं, ते आजपर्यंत.

दिवाळी झाली आणि सिंधू नवऱ्याबरोबर गेली. या वेळी पोरींनाही घेऊन. फाट्यावर पुण्याची गाडी यायची होती, मी सोडायला गेलो. भांड्यांचं बोचकं, गाद्यांची वळकटी, आणि सगळ्यात वर थोरलीचं शाळेचं दप्तर ठेवलेलं.  मी सिंधूला म्हटलं, "त्या थापाड्याले मी सोडत नाही." ती म्हणाली, "जाऊ दे ना, दादा." मला वाटलं, तिचं मन मोठं आहे.

पुढं मी जुनी गाडी विकायला काढली. पुंजानं एका माणसाकरवी विचारलं होतं. मी सांगून पाठवलं, भंगारात देईन, त्याला देणार नाही. शिरपूरचा एक जण आला. सकाळभर घासाघीस झाली आणि शेवटी तो माझ्या आकड्यावर आला. इतक्या सरळ आला की मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण जिंकलेल्या माणसाला शंका येत नाही. महिन्याभरानं ती गाडी मला रस्त्यात दिसली. पुंजा चालवत होता. मागच्या फाळक्यावर पिवळ्या ऑइलपेंटनं मोठं नाव लिहिलं होतं: थापाड्या.

मी दिलेली शिवी त्यानं फाळक्यावर लिहून घेतली होती. आता लोक पांदणीतून माल काढायला 'थापाड्या' बोलवतात आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. माझी शिवी अशी माझ्याच भाड्याची गिऱ्हाइकं घेऊन फिरते. पंचवीस वर्षांच्या धंद्यात माझ्यावर असा डाव कोणी केला नव्हता.

सिंधू गेल्या उन्हाळ्यात परत आली. थोरलीचं शिक्षण मध्येच थांबलं ते थांबलंच, धाकटीचं मात्र पुढं चालू आहे. सिंधूनं वावर पुन्हा स्वतः पेरलं. मी येता-जाता पाहत होतो. पीक कमरेला आलं, पिवळं पडलं, पानं गळली. आता बोलावेल, आता बोलावेल असं म्हणत मी ते चार दिवस दुसरं भाडं घेतलं नाही. बटण, हिरवा दिवा, नवी ताडपत्री, सगळं तयार होतं. या वेळी आधी तिचाच फेरा करायचा, हेही ठरवून ठेवलं होतं.

परवा सकाळी फाट्यावर उभा होतो, आणि 'थापाड्या' माझ्यासमोरून तिच्या पांदणीत शिरला.

मी मागोमाग गेलो. पांदणीच्या तोंडाशी गाडी लावून उतरलो. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता आणि पुंजाची गाडी नाला ओलांडून चढ चढत होती. चारी चाकांनी, सावकाश, पोटाला चिखल लागत असताना. इतक्या लांबूनही मला घुंगरांचा भास झाला. सिंधू अलीकडच्या बाजूला पाण्याची कॅन घेऊन उभी होती.

"मले काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"काय सांगाचं होतं?"

"गाडी लागते म्हनून."

"गाडी तं आली ना."

"तुले त्याचीच भेटली? ज्यानं तुहे कट्टे सडवले, त्याची?"

तिनं कॅन खाली ठेवली. ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहे, पण त्या वेळी मोठी वाटली. म्हणाली, "त्यानं मले तवाच सांगितलं, दादा. पानी थांबला त्याच दिशी घरी आला होता. म्हने, बाई, डावा खटका बसूनच नाही राह्यला होता, मंधात काहीतरी अटकलं होतं. म्हने, मी दिगांबरले दोनदा म्हनलं, नाई लागून राह्यला, उतरून पाय. तं तो आतून म्हने, आभाय फुटून राह्यलं, कारनं नको सांगू. मार थाप. मंग मारली, म्हने. इतकं बोलून रडला तो."

 मी म्हटलं, "अन् तू मले हे इतकी वर्सं नाही सांगितलं."

"तू कोनाले सांगू देत होता?"

"मी तुह्यासाठी भांडलो त्याच्यासंगं. तुह्यासाठी तोडलं."

"मलेबी तसंच वाटे. दादा माह्यासाठी रागात हाये, असं वाटे. बरं वाटे मले. मंग ध्यानात आलं, तू तुह्याचसाठी रागात हाये."

ती कॅन उचलून नाल्याकडे निघून गेली.

मार थाप. मला ते म्हटल्याचं आठवत नाही. दोन दिवस आठवून पाहतो आहे. काच खाली केली हे आठवतं, हॉर्न आठवतो, थेंब आठवतात, ताडपत्रीचं सुटलेलं टोक आठवतं. पण ते शब्द माझेच आहेत. दुसऱ्या कोणाचे असे असत नाहीत. सौद्यात मी रोज तेच करतो. समोरचा अडखळला की त्याला अडखळू द्यायचं नाही, हो म्हणायला लावायचं. पुंजानं हो म्हटलं. एवढंच म्हणेन की म्हणायला नको होतं. आपला माणूस ओरडला म्हणून न लागलेला खटका लागला असं सांगायचं असतं का? त्यानं गाडीची किल्ली काढून फेकली असती, मला कॉलर धरून खाली ओढलं असतं, तर मी आयुष्यभर त्याचं नाव आदरानं घेतलं असतं. निदान असं मला आता वाटतं.

आणि तरी खरं सांगायचं तर, त्याची थाप दोन सेकंदांची होती. सिंधूची किती वर्षांची. तिनं माझ्या ओट्यावर बसून चहा प्यायचा, मी तिच्यासमोर त्याला शिव्या द्यायच्या, आणि तिनं मान खाली घालून म्हणायचं, जाऊ दे ना, दादा. ज्याच्यावरून मी चिडलो होतो ते सगळं तिला माहीत होतं. त्या दोघांनी मिळून ठरवलं की मला काय ऐकवायचं आणि काय नाही. मी आत बसलो होतो, काच बंद होती आणि दिवा लागलेला होता.

परवा मी तिथंच घुटमळत राहिलो आणि तासाभरानं जायला निघणार तेवढ्यात 'थापाड्या' कट्टे भरून नाल्यातून वर आला. सिंधू आत बसली होती, मांडीवर ताडपत्रीची घडी. पांदणीतून बाहेर पडून गाडी डांबरी रस्त्यावर आली आणि अर्धी आडवीच थांबली. घुंगरं वाजली, दांडा पुढं गेला. पुंजानं गाडी हात-दोन हात मागं घेतली. मग तो उतरला आणि त्याच्या बाजूचा उजवा खटका सोडायला लागला. तेवढ्यात मालेगावकडून एसटी आली आणि तिला वाट नव्हती. ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. मागं दोन मोटारसायकली आल्या. मी डाव्या बाजूला उभा होतो. चकती माझ्या गुडघ्यापासून हातभरावर होती.

सिंधूनं खिडकीतून पाहिलं. "दादा, तेवढा डावा खटका सोडतं का?"

मी वाकलो. माझ्या सगळ्या धंद्यात पहिल्यांदा. चकती चिखलानं भरलेली होती आणि गरम होती, हे मला माहीत नव्हतं. बोटं घसरली. पुन्हा धरली. ती थोडी फिरली, पण खुणेपर्यंत आली की नाही ते चिखलात दिसेना. आत काही वाजलं का? एसटीच्या हॉर्नमध्ये ऐकू येत नव्हतं. मोटारसायकलवाला ओरडला, "काका, आटपा ना, झोपले का तिथी?" पुंजा तिकडून आत जाऊन बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. समोर काचेतून पाहत तो थांबला होता, जसा मी थांबायचो.

मी उभा राहिलो आणि बॉनेटवर दोन थापा मारल्या.

गाडी सुरू झाली, वळली, एसटीला वाट मिळाली. फाळक्यावरचं पिवळं नाव माझ्यासमोरून गेलं. पन्नासेक पावलं गेल्यावर गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन त्यानं पुन्हा थांबवली. पुंजा उतरला. समोरून वळसा घालून डाव्या चाकाशी वाकला. फार वेळ नाही. मग उठला, हात पँटला पुसला आणि आत बसून गेला.

खटका माझ्याकडून सुटला होता, का त्यानं सोडवला, ते मला एवढ्या लांबून कळलं नाही. काल सिंधू घरी आली होती. बराच वेळ बसली, चहा प्याली, धाकटीच्या शाळेचं बोलली. ती खिडकीशीच बसलेली होती, तिला माहीत आहे. मी विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.